न सांगितलेलं पाऊल

गल्लीत कुणालाही पाळणाघराचा पत्ता विचारा, एकच उत्तर मिळायचं. सकाळी आठ वाजता ज्या घरातून पोरांनी गळा काढल्याचा आवाज येतो आणि साडेआठला येईनासा होतो, ते मावशींचं घर. दारावर पाटी लावू या, असं काका, म्हणजे मावशींचे यजमान, बावीस वर्षं म्हणत होते. मावशींचं म्हणणं, ज्यांना पाटी वाचता येते त्यांचं आपल्याकडे काय काम?

घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत नवरा-बायको आणि त्यांचं एक कपाट, बाहेरची खोली पोरांची. भिंतींना कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट, कारण पोरं हात पुसायला भिंतच वापरतात आणि ऑइलपेंटवरचं सगळं ओल्या फडक्याने निघतं. खाली चटया. खिडकी इतकी खाली, की रांगणारं पोरही चौकटीला धरून उभं राहील, म्हणून तिला जाळी मारून घेतलेली. दाराशी एक लांब फळी आणि त्या फळीवर सात जोड चिमुकले बूट आणि सात जोड पायमोजे. उंबऱ्यातच पायातलं सगळं काढायचं, हा मावशींचा कायदा होता. मोज्यातलं पोर घसरतं, अनवाणी पोर सावरतं, असं त्या म्हणत. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मावशी अंगाने ठेंगण्या, आवाजाने उंच. एक घास चिऊचा, एक घास काऊचा करता करता त्या सात तोंडं एकाच चमच्याच्या फेरीत भरत, आणि कुणाचा चेहरा कुठल्या कारणाने लाल झाला आहे हे पाठमोऱ्या असतानाही सांगत. काका पूर्वी घरोघरी विजेचे मीटर वाचायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना घरात एकच काम उरलं, झोपलेल्या पोरांजवळ बसून माश्या हाकायचं. तेही ते पेंगत करायचे.

मावशींचा दुसरा एक कायदा होता, तो मात्र काकांखेरीज कुणाला ठाऊक नव्हता. पोराने पाळणाघरात एखादी गोष्ट पहिल्यांदा केली, मग ते पहिलं पाऊल असो की पहिला शब्द, तर आईबापाला सांगायचं नाही. ब्र काढायचा नाही. दोन-चार दिवसांत पोर तेच घरी करून दाखवतं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी आईबाप धावत येतात, "मावशी, काल चालला," आणि मावशी हातातलं भांडं खाली ठेवून गालावर बोटं टेकतात, "काय सांगतेस? लबाड कुठला, मला नाही कधी दाखवलं." काका आतून ऐकायचे आणि नंतर म्हणायचे, "तू नाटकात जायला हवं होतंस." मावशी म्हणायच्या, "गेले असते तर तुम्हाला भात कुणी वाढला असता?"

हा कायदा काही उगाच झाला नव्हता. त्यांचा स्वतःचा मुलगा लहान होता तेव्हा मावशी बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरायच्या कामाला होत्या. सकाळी पोर झोपलेलं असताना निघायचं, संध्याकाळी पेंगुळलेलं असताना परतायचं. सासूबाई सांभाळायच्या, अगदी तळहाताच्या फोडासारखं जपायच्या, त्यात खोट काढायला जागा नाही. एके संध्याकाळी मावशी दारात आल्या आणि सासूबाई हसत म्हणाल्या, "अगं, तुझा लेक चालला की आज. चांगली चार पावलं. सगळ्या बिऱ्हाडांनी बघितलं." सगळ्यांनी बघितलं, एक आई सोडून. मावशी चपलेचा पट्टा तुटल्यासारखं करून खाली वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. पट्टा धडधाकट होता. आता तो लेक दूरच्या शहरात मोठा कारकून आहे, रविवारी फोन करतो, पण ती चार पावलं मावशींना पुन्हा कुठे मिळणार? तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, की आपल्या हाताखालच्या एकाही पोराच्या आईला असं वाकायला लावायचं नाही.

बावीस वर्षं हा कायदा चालला आणि कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते गुंडीच्या वेळी.

गुंडी सात महिन्यांची असताना आली. कोटाच्या बटणासारखी गोल आणि घट्ट, म्हणून काकांनी तिचं नाव गुंडी ठेवलं. तिची आई क्रेन चालवायची. रस्त्यापलीकडे एक उंच इमारत उभी राहत होती, तिच्या डोक्यावर जी पिवळी क्रेन होती तिच्या टोकाच्या काचेच्या खोपटात ही बाई दिवसभर बसायची. पहिल्या दिवशी ती हेल्मेट काखेत धरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, मी तुमचं घर वरून निवडलंय. तिथून तुमचा व्हरांडा दिसतो." काका मागाहून म्हणाले, "उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण ही खरोखरच वर बसून लोखंड हाकते."

त्या बसण्यासाठी तिने काय काय सोसलं होतं ते मावशींना हळूहळू कळलं. सहा वर्षं ती खाली उभी राहून आकड्याला सळया अडकवत होती. परीक्षा दोनदा दिली. बाईला वर चक्कर येईल, असं म्हणणाऱ्यांना स्वतःला शिडीच्या दहाव्या पायरीवर चक्कर यायची, हे ती रंगवून सांगायची. "वर गेलं ना मावशी, की कुणी हाक मारत नाही. फक्त मी आणि वजन," ती म्हणायची. तिचा चेहरा तेव्हा असा खुलायचा, की मावशींना वाटायचं, आपण पुडे भरत होतो तेव्हा आपला कधी असा खुलला होता का?

रोज अकराच्या सुट्टीत मावशी गुंडीला कडेवर घेऊन व्हरांड्यात उभ्या राहायच्या. वर, फार वर, मुंगीएवढा एक हात हलायचा. मावशी गुंडीचं मनगट धरून हलवायच्या आणि म्हणायच्या, "ती बघ आई." एरवीही खिडकीतून क्रेनचा हात फिरताना दिसला, की मावशी कणीक मळता मळता म्हणायच्या, "आई चालली बघ, आई वळली." आता तुम्हीच सांगा, यात वाईट ते काय होतं?

गुंडी चौदा महिन्यांची झाली आणि एका मंगळवारी, साडेदहाच्या सुमाराला, ती खोलीच्या मधोमध ठोकळे चाटत बसली होती. खिडकीत क्रेनचा हात फिरला. गुंडीने ठोकळा टाकला, दोन्ही तळवे जमिनीवर टेकून ढुंगण वर केलं, उभी राहिली आणि चालली. पाच पावलं. चौकट धरली, जाळीवर बोट लावलं आणि म्हणाली, "आई."

मावशींच्या दोन्ही हातांना कुस्करलेलं केळं लागलेलं होतं. त्या तशाच भिंतीला टेकल्या आणि रडल्या. इतक्या पोरांची पहिली पावलं त्यांनी पाहिली होती, बक्षिसाच्या बिस्किटाकडे, बाहुलीकडे, मांजराच्या शेपटीकडे. पण आई समोर नसताना आईच्या दिशेने चाललेलं पोर त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. संध्याकाळी क्रेनवाली आली तेव्हा सांगण्यासाठी जीव नुसता उतावीळ झाला होता. पण कायदा तो कायदा. आज ना उद्या घरी चालेलच की.

घरी ती चालेना.

त्याला कारणं होती आणि ती मावशींना दिसत होती, हेच तर दुखणं. क्रेनवालीच्या घरी गुळगुळीत फरशी, आणि तिच्या सासूबाई नातीच्या पायातले लोकरीचे मोजे आंघोळीखेरीज काढू द्यायच्या नाहीत. गुंडी उभी राहायची, सर्रकन घसरायची आणि बसायची. सुट्टीच्या दिवशी सगळं घर हात पसरून समोर उकिडवं बसायचं, बाप फोन रोखून धरायचा. इतके चेहरे बघून गुंडी टाळ्या वाजवायची आणि जागची हलायची नाही. आणि मला विचाराल, तर आणखी एक कारण होतं. घरी आई तिला कडेवरून खालीच ठेवत नसे. जवळ असलेल्या माणसाकडे कुणी चालत जातं का?

"अजून नाही हो चालत," क्रेनवाली दुसऱ्या आठवड्यात म्हणाली. "शेजारचा दहाव्या महिन्यात पळायला लागला."

"घरी मोजे काढून बघ ना," मावशी म्हणाल्या.

"सासूबाई काढू देत नाहीत. सर्दी होते म्हणतात."

मावशींनी आणखी रेटायला हवं होतं. त्यांनी नाही रेटलं. सासूबाईंचे गुडघे गेले होते, म्हणून तर पोर पाळणाघरात होती, पण जीभ काही गुडघ्यांवर चालत नाही. आई दिवसभर आभाळात लटकलेली, मग पोरीला जमिनीवर चालायला शिकवणार कोण, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. नवरा बिचारा दोन्हीकडे मान डोलावणारा. क्रेनवाली हे सगळं हसत सांगायची, पण तिचं हसू आठवड्यागणिक पातळ होत गेलं. आणि इथे गुंडी रोज चालत होती. पाचाची वीस पावलं झाली, ठोकळ्यांना वळसा घालणं आलं, वाकून पडलेलं बिस्कीट उचलणंही आलं. गंतव्य एकच, खिडकी. शब्दही एकच.

चौथ्या आठवड्यात ती गोष्ट घडली. पाळणाघरात चार वर्षांची एक मुलगी होती. प्रत्येक गोष्टीत "पण का?" म्हणून हुज्जत घालायची, म्हणून तिला सगळे वकीलबाई म्हणायचे. संध्याकाळी क्रेनवाली गुडघ्यांवर बसून गुंडीला मोजे चढवत होती. वकीलबाई बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, "गुंडी चालते. रोज चालते. खिडकीपर्यंत."

क्रेनवालीने मान वर केली. त्या चेहऱ्यावर काय होतं ते मावशी मरेपर्यंत विसरणार नाहीत. भीती होती, आशा होती आणि या दोन्हीपेक्षा मोठं असं काहीतरी. तिने मावशींकडे पाहिलं.

तो क्षण होता. एक "हो" पुरला असता. पण माणसाची सवय मोठी वाईट. बावीस वर्षांचं नाटक मावशींच्या तोंडातून आपसूक बाहेर पडलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हिचं काय ऐकतेस? काल सांगत होती, काकांना शेपूट आहे."

क्रेनवालीही हसली, जरा वेळाने. वकीलबाईने मावशींकडे बघितलं आणि तिचा खालचा ओठ पुढे आला. "मी खोटं नाही बोलले," ती म्हणाली, आणि तिचा बाप येईपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसली. शेपटीचं ती खरंच म्हणाली होती, पण ते गमतीत, आणि गंमत कुठली आणि साक्ष कुठली हे चार वर्षांच्या पोरीला पक्कं ठाऊक होतं. मावशींनाही ठाऊक होतं. इतकी वर्षं ते कुणाला न दुखवणारं नाटक होतं. आज त्या खोटं बोलल्या.

काकांनी आतून ऐकलं होतं. जेवताना ते म्हणाले, "सांगून टाक तिला."

"आता कुठल्या तोंडाने सांगू? चार आठवडे का लपवलं म्हणेल."

"म्हणू दे. चार शब्द ऐकशील. शब्दांनी भोकं पडत नाहीत."

"आणि तिचं पहिलं पाऊल? तेही मीच गिळलं, असं होईल ना."

"अगं, ते पाऊल तिचं आहे का तुझं?" काका म्हणाले. बावीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच या गोष्टीत तोंड घातलं होतं. उद्या सांगू, असं ठरलं. त्या उद्याला एक पोर आजारी पडलं, परवाला क्रेनवालीच्या जागी तिचा नवरा आला, आणि अशा उद्या-परवात दीड आठवडा गेला. खोटं कशाला बोलू, मावशींना भीती वाटत होती. चांगुलपणावर आयुष्य काढलेल्या माणसाला आपला चांगुलपणाच चुकला हे कबूल करणं फार जड जातं.

शुक्रवारी मात्र त्या उंबऱ्यातच थांबल्या होत्या, वाक्य जुळवून. क्रेनवाली आली ती हेल्मेटशिवाय.

"डॉक्टर म्हणाले, काही नाही, वाट बघा," ती म्हणाली. "सासूबाई दुसऱ्याकडे घेऊन गेल्या. त्याने पायांचे व्यायाम दिलेत, दिवसातून तीनदा. कोण करणार? आईनेच करायचे." ती फळीवरचे मोजे उचलून सरळ करत राहिली. "परवा वर असताना माझे डोळे भरून आले, मावशी. खाली सळयांचा गठ्ठा लटकत होता आणि मला दिसेना. दोन सेकंद असेल. वर बसून डोळ्यांत पाणी चालत नाही. खाली माणसं असतात. त्याच दिवशी उतरून सांगून टाकलं, आता मी वर चढत नाही. सोमवारपासून दुसरा येतोय."

मावशींचं जुळवलेलं वाक्य घशातच राहिलं. नोकरी तर गेलीच, आता निदान पाऊल तरी तिचं राहू दे, सोमवारपासून ती घरीच असेल, तिच्या डोळ्यांसमोरच पोर चालेल, असा हिशेब त्यांनी मनात केला. भ्यालेलं माणूस असेच हिशेब करतं.

सोमवारी दहा वाजता क्रेनवाली गुंडीचं सामान न्यायला आली. पांघरूण, पेला, बदलायचे कपडे. साधी साडी नेसलेली, केस नीट विंचरलेले, आणि अशी बिनघाईची पहिल्यांदाच दिसल्यामुळे परकी वाटत होती. सवयीने तिने उंबऱ्यात गुंडीचे मोजे काढले, तिला चटईवर ठेवलं आणि स्वतः समोर बसली. "मावशींना टाटा कर," म्हणाली.

मावशी कपडे घडी करत होत्या. त्यांनी मान वर केली तेव्हा उशीर झाला होता. खिडकीत क्रेनचा हात फिरत होता.

गुंडी उठली. आईकडे तिने पाठ केली आणि चालायला लागली. झोकांड्या नाहीत, हात पसरणं नाही. वाटेत ठोकळे होते, त्यांना तिने वळसा घातला. वकीलबाईचा पाय आडवा होता, तिथे थांबून ती तो ओलांडून गेली. चौकटीशी पोचली, रोजच्या जागी हात ठेवला, जाळीवर बोट लावलं आणि त्या पिवळ्या क्रेनकडे बघून, जिच्यात आता कुणी परका माणूस बसला होता, लाडाने म्हणाली, "आई."

क्रेनवालीचे दोन्ही हात अजून पुढे पसरलेले होते. ते तिने हळूच मांडीवर घेतले. वर्षानुवर्षं वजनं तोललेली बाई ती, नवं चालणं आणि मुरलेलं चालणं तिला कळत नव्हतं थोडंच.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"उद्या सहा आठवडे होतील," मावशी म्हणाल्या, आणि मग सगळं सांगितलं. बिस्किटांचा कारखाना, सासूबाई, न तुटलेला चपलेचा पट्टा, कायदा. सांगताना त्यांचं त्यांनाच कळत होतं, की हे सगळं खरं आहे आणि याचा आता काडीचा उपयोग नाही. "तुझं पहिलं पाऊल तुला मिळावं म्हणून गं," त्या म्हणाल्या.

"मला पहिलं नको होतं, मावशी," क्रेनवाली म्हणाली. आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "मला नुसतं ती चालते एवढंच हवं होतं. शंभरावं चाललं असतं. कुणी येऊन सांगितलं असतं तरी चाललं असतं." मग तिने विचारलं, "ती कुणाला आई म्हणतेय?"

"तुलाच. क्रेन हलली, की तू. पहिल्या दिवशीही तिथेच गेली होती."

तेव्हा मात्र ती रडली. गुंडीच्या मागे जाऊन खिडकीशी बसली, तिच्या मानेत तोंड घातलं आणि हमसून हमसून रडली. गुंडीने एकदा वळून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाहेर बोट केलं.

"परत जाऊन विचार," मावशी म्हणाल्या. "मी येते हवं तर, मी सांगते त्यांना."

"वर चढले त्या दिवसापासून वाट बघत होते सगळे, मी कधी उतरते म्हणून," क्रेनवाली उठत म्हणाली. "उतरले." तिने पांघरूण घेतलं, पेला घेतला. गुंडीच्या पायात मोजे चढवायला ती वाकली, मग ते तिने पिशवीत कोंबले आणि अनवाणी पोरीला कडेवर घेतलं. दारातून बाहेर पडताना तिने मावशींना नमस्कार केला, तोही रागाने नाही, आणि मावशींना वाटलं, हिने मला मारलं का नाही.

वकीलबाई हे सगळं बघत होती. ती जवळ येऊन म्हणाली, "मी सांगितलं होतं."

"हो गं बाई. तू खरं बोललीस. मी खोटं बोलले."

"मग आता गुंडी परत येणार?"

"नाही."

"पण का?" वकीलबाई म्हणाली. मावशींनी तिला मांडीवर ओढून घेतलं. उत्तर त्यांना येत होतं, पण ते चार वर्षांच्या पोरीला सांगण्यासारखं नव्हतं.

त्या संध्याकाळी टपाल वाटणारा एक बाप आपल्या मुलाला न्यायला आला. मुलाने दुपारी पहिल्यांदा "बाबा" म्हटलं होतं, काकांच्या टकलाकडे बघून. मावशी उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज हा बाबा म्हणाला हो." बापाचा चेहरा उजळला आणि लगेच कुठेतरी विझला. "अरे वा," तो म्हणाला, आणि बुटाची नाडी सुटल्यासारखं करून खाली वाकला. नाडी बांधलेलीच होती. मावशी तिथून हलल्या नाहीत. तो सरळ होईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अडीच वाजता म्हणाला. दोनदा."